उएनो, यानाका, जिम्बोचो: चित्रातल्या बायकांच्या मागावर

ज्या चित्रासाठी तुम्ही टोकियोला निघालात ते तुम्हाला दिसेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला नाही दिसलं. उतामारो या चित्रकाराने काढलेली, काचेची फुंकणी वाजवणारी मुलगी, जपानच्या जुन्या टपाल तिकिटावरची, उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे एवढ्या भरवशावर मी गेले होते. तिथल्या एका गृहस्थांना फोनमधला फोटो दाखवला, तर त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि गालाखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली. बाईसाहेब पेटीत निजल्या होत्या.

लाकडी ठशांची ही चित्रं बहुतेक वनस्पतींच्या रंगांत छापलेली असतात. अठराव्या शतकातला निळा तर एका रानफुलाचा, उजेडात बघता बघता उडणारा. म्हणून चित्रं साधारण महिनाभर टांगतात आणि परत अंधारात ठेवतात. तिकिटं काढण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या महिन्याची यादी पाहा. सोमवारी सहसा बंद असतं.

मुख्य इमारतीला होनकान म्हणतात. तिथे दुसऱ्या मजल्यावर (आपल्याकडचा पहिला) 10 क्रमांकाची खोली गाठायची. मी गेले तेव्हा तिकीट 1000 येन होतं. सत्तरीच्या पुढच्यांना कायमच्या दालनांत फुकट, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. माझ्याबरोबर बाहत्तर वर्षांची मावशी होती, तिला या सवलतीचा फार आनंद झाला. खोलीत उजेड इतका मंद की पहिली दोन मिनिटं डोळे चोळण्यात जातात. आणि खरं सांगू का, पहिल्या पाच-सहा चित्रांपर्यंत सगळ्या बायका सारख्याच वाटतात. लांबट चेहरा, बारीक डोळे, चिमुकले ओठ. मी कंटाळून पुढे सरकणार, तेवढ्यात मावशीचे गुडघे बोलू लागले म्हणून ती समोरच्या बाकावर टेकली.

‘‘अगं, हिच्या मागचं चमकतंय बघ,’’ ती म्हणाली.

मला उभ्याने तिथे करडी जमीन दिसत होती. खाली बसून तिरकं पाहिलं, तर चेहऱ्यामागे चांदीसारखी झिलई सरकली. ती अभ्रकाची पूड. छापील पुस्तकात हे कधीच उतरत नाही. तेव्हा प्रत्येक चित्र एकदा उभ्याने आणि एकदा बसून पाहायचं. मग कपाळावरची केसांची रेघ पाहायची. एकेक केस लाकडात कोरून वर ठेवलेला असतो, आजूबाजूचं लाकूड काढून. ते काम उतामारोचं नव्हे, कोरक्याचं. चित्रकार, कोरक्या, छापणारा आणि पैसा घालणारा प्रकाशक असे चौघे मिळून एक चित्र होई, सही मात्र चित्रकाराची.

‘‘तेल किती चोपडलंय हिनं,’’ एवढाच मावशीचा शेरा.

ती मुलगी होती ओकिता. 1790च्या सुमारास आसाकुसाच्या देवळाजवळ नानिवाया नावाच्या चहाच्या दुकानात ही चहा द्यायची. आपण या चित्रांतल्या सगळ्यांना सरसकट गेशा म्हणून मोकळे होतो. त्यांत हिच्यासारख्या दुकानातल्या मुली किती आहेत! चित्रं निघाली की गिऱ्हाईक लोटायचं. 1793च्या सुमारास सरकारने अशा मुलींची नावं चित्रावर छापायला बंदी घातली, तर उतामारोने कोपऱ्यात कोडं काढलं: पाल्याच्या दोन जुड्या, बाण, खोल समुद्र, भातखाचर. जपानीत ओळीने वाचलं की ना-नि-वा, या, ओकी, ता. नानिवाया ओकिता! 1796मध्ये कोड्यांवरही बंदी आली. वरच्या कोपऱ्यात अशी बारीकसारीक चित्रं दिसली तर ती नक्षी समजून सोडू नका.

उएनोहून यानाका चालत वीसेक मिनिटं, मावशीच्या चालीने चाळीस. सेंदागी स्टेशनकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दाइएन्जी नावाचं छोटं देऊळ आहे, तिथे हारुनोबू हा चित्रकार आणि ओसेन यांच्या नावाने दगड उभे आहेत. ओसेन ओकिताच्या आधीच्या पिढीतली, इथल्याच कासामोरी देवस्थानापाशी चहा देणारी. 1765च्या आसपास अनेक रंगांची छपाई रुळली आणि हारुनोबूने तिला घराघरांत पोचवलं. नंतर लग्न करून ती दुकानातून अचानक दिसेनाशी झाली, तेव्हा गावभर चर्चा झाली म्हणतात. देवळात बघायला फारसं काही नाही, पण दहा मिनिटं थांबा. आम्ही शेजारच्या दुकानातून तांदळाचे कुरकुरीत सेंबेई घेतले. शाकाहाऱ्यांनी जपून, काहींत कोळंबी असते.

हाराजुकूचं ओता संग्रहालय फक्त उकियो-एचं, म्हणजे अशाच चित्रांचं. मी महिनाअखेरीला जाऊन बंद दारावर डोकं आपटलं. मांडणी बदलायला ते तेव्हा बंद असतं, हे त्यांच्याच वेळापत्रकात लिहिलेलं, मीच वाचलं नव्हतं. चार दिवसांनी परत गेले. आत फोटो काढू देत नाहीत. जागा लहान, तासाभरात होतं, आणि गर्दीच्या रस्त्यामागे इतकी शांतता की स्वतःच्या बुटांचा आवाज नकोसा होतो.

मधला रिकामा दिवस जिम्बोचोला गेला. जुन्या पुस्तकांची पेठ, तिथे जुनी चित्रंही विकतात. आत गेल्यावर पिशवी पाठीवरून काढून पुढे घ्या, हात कोरडे असू द्या, चित्र विचारूनच उचला आणि दोन्ही हातांनी धरा. दुकानदाराला एक शब्द नक्की विचारा: ‘‘फुक्कोकु?’’ म्हणजे नव्याने कोरून छापलेलं आहे का. त्यात वाईट काही नाही, मेजिरोला आजही कारागीर उत्तम प्रती छापतात, पण जुन्याचे पैसे नव्याला द्यायचे नाहीत. उतामारो आपल्या खिशाबाहेरचा. कुनिसादा या चित्रकाराच्या (सहीत तो तिसरा तोयोकुनी म्हणूनही भेटतो) बायका मात्र परवडतात. त्याने आयुष्यभर अफाट चित्रं काढली. मी 12 हजार येनला एक घेतलं. किडीने पाडलेली दोन भोकं आहेत, एक नेमकं बाहीवर. जांभळ्याचा तपकिरी झालाय. मावशीच्या मते भोकांचे पैसे आणखी कमी करायला हवे होते, पण तिथे घासाघीस बरी दिसत नाही.

नळीत गुंडाळून आणू नका, घड्या पडतात. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या सामानात आणा. आमचं आता कपाटाच्या खणात असतं. मावशी आली की काढतो, आणि ती आधी खाली बसून बघते.