पाणी फुटते तिथून

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना बहुधा कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना गाडीच्या काचेतूनच दिसते, आणि मीही ते कित्येक वर्षे तसेच पाहत आलो होतो. यंदा दिवाळीनंतर वनविभागाची परवानगी काढून, तिथलाच एक वाटाड्या सोबत घेऊन आणि रात्री रानाबाहेरच्या गावांत मुक्काम करत तीन दिवस ते पायी पाहिले, तेव्हा सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे रान एक नसून दोन आहेत हे ध्यानात आले.

दक्षिणेकडे पठार शिवना नदीच्या दिशेने सावकाश उतरत जाते. उत्तरेकडे मात्र अजिंठा-सातमाळा रांगेचे कडे एकदम तुटून खानदेशात कोसळतात. पहिल्याच दुपारी डोंगराच्या धारेवर वाटाड्या मामा थांबले आणि म्हणाले, "सर, पाणी इथं फुटतंय. इकडलं गंगेला जातं, तिकडलं गिरणेला." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. दक्षिण उतारावरचा थेंब शिवनेतून गोदावरीला मिळतो, पैठणच्या नाथसागरात पोहोचतो आणि तिथून संभाजीनगरात माझ्या घरच्या नळाला येतो. चार पावलांवर पडलेला दुसरा थेंब मात्र गिरणेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातो. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले होते, पण पायाखाली कधी आले नव्हते.

धारेवर माती जेमतेम वीतभर, आणि तीही मुरमाड. तिथे अंजन आणि सालई यांचेच राज्य. मामांनी अंजनाचे एक पान माझ्या तळहातावर ठेवले. आपट्याचे पान मध्यापर्यंतच दुभंगते. अंजनाची दोन्ही दले देठापर्यंत सुटी, एकमेकांकडे तोंड करून बसलेली असतात. सालईची साल कागदासारखी सुटून वाऱ्यात फडफडत होती आणि तिच्या डिंकाला धुपाचा वास होता. ओढ्यात उतरलो की शंभर पावलांत सावली दाट होई, उंबर आणि करंज सुरू होत. एका वळणावर ताजे उकरलेले वारूळ दिसले, मातीत नखांचे खोल ओरखडे. "अस्वल," एवढेच बोलून मामांनी आम्हाला लांबून वळसा घालायला लावला.

दुसऱ्या दिवशी पाटणादेवीला उतरलो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख याच पाटणचा. त्या दिवशी मात्र पाय इतके दुखत होते की मी मंदिराच्या ओट्यावर नुसता बसून राहिलो.

तिसरा दिवस पितळखोऱ्याची चढण. इसवी सनापूर्वीची ही बौद्ध लेणी ठिसूळ खडकात खोदलेली असल्याने पुष्कळ ढासळली आहेत. इथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिची रिकामी जागा मला फार जाणवली. परंतु ज्याने मला जास्त वेळ थांबवले ते पाणी होते. डोंगरातून झिरपणारे पाणी लेण्यात साचू नये म्हणून खोदणाऱ्यांनी खडकाच्या आत पन्हळी कोरल्या, आणि जिन्यापाशी पाच फण्यांचा नाग घडवून त्याच्या फण्यांतून ते बाहेर पडावे अशी योजना केली. मी त्या फण्यांवरून हात फिरवत असता मामा दरीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे गिरणेचं पाणी, सर. तुमचं मागं राहिलं."