इंद्रलाल रॉय यांची पदकं आणि नाव नसलेला क्रॉस

२२ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधल्या कार्व्हँजवळ पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढणारे भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांचं एसई ५ए हे लढाऊ विमान पाडलं गेलं, तेव्हा विसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. जुलैच्या दोन आठवड्यांत १० हवाई विजय, त्यातले दोन भागीदारीतले. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे वैमानिकांचं शौर्यपदक जाहीर झालं २१ सप्टेंबरला, म्हणजे मरणोत्तर.

अशा वैमानिकाच्या मागे घरच्यांच्या हाती यायच्या वस्तू ठरलेल्या: क्रॉस, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, ब्राँझचं व्हिक्टरी मेडल, सुमारे १२० मिमी व्यासाची ब्राँझची स्मृतिचकती आणि मानपत्र. गंमत अशी, की यातली सर्वांत महागडी वस्तूच मुकी. त्या काळच्या क्रॉसवर नाव घालून देतच नसत. म्हणून सुटा क्रॉस ‘अमक्याचा’ म्हणून विकायला आला, तर कागदपत्रांशिवाय तो कोणाचाच नाही. फितीवरून थोडं कळतं: सुरुवातीचे जांभळे-पांढरे पट्टे आडवे, १९१९ पासून तिरके. पण पदक हाती पडायला उशीर व्हायचा, त्यामुळे तिरकी फीत म्हणजे नकली असं नव्हे.

नाव शोधायचं ते वॉर आणि व्हिक्टरी या दोन मेडलांच्या कडेवर. ते ठशांनी ठोकलेलं असतं. हाताने कोरलेलं दिसलं की कॅलिपरने व्यास मोजा: जुनं नाव घासून काढलं असेल, तर तो ३६ मिमीपेक्षा किंचित कमी भरतो. चकतीवर नाव उठावात असतं, हुद्दा मुळीच नसतो. सोबत १९१४-१५चा स्टारही दाखवला, तर तो संच जुळवलेला. तो स्टार १९१५ अखेरपर्यंत युद्धभूमीवर गेलेल्यांचा, आणि रॉय सैन्यात आले १९१७ मध्ये.

व्हिक्टरी मेडल एकटंच का सापडतं? १९८०च्या सुमारास चांदीचा भाव भडकला आणि जोडीचं चांदीचं वॉर मेडल वितळवायला भट्टीत गेलं.

एस्तेव्हेलच्या दफनभूमीत रॉय यांच्या थडग्यावर बंगालीत लिहिलंय, वीराच्या समाधीचा मान राखा, हात लावू नका. पदकं ब्रासो पॉलिशने चकाकवणाऱ्यांनाही हेच सांगावंसं वाटतं. प्रत्येक घासणीत कडेवरचं नाव झिजतं. सातारा-रत्नागिरीकडे पणजोबांचं मेडल असेल, तर पीव्हीसीची पिशवी आधी काढा. पावसाळ्यात ब्राँझवर हिरवा चिकट थर येतो तो तिच्यामुळेही. रबरबँडमधलं गंधक चांदी काळी करतं. आम्लविरहित कागद, सिलिका जेलची पुडी आणि उन्हापासून लांबचा कप्पा पुरतो. विटलेली फीत बदलू नका, आणि पदक ज्या डबीतून, पाकिटातून आलं तेही फेकू नका.