ऊन पाणी

खानदेशात कडाक्याची थंडी पडते असं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. त्याच्या लेखी भुसावळ म्हणजे मे महिना, तापलेला डबा आणि गाडी थांबली की पाण्याच्या बाटलीसाठी पळापळ. ते खोटंही नाही. पारा 45 च्या वर गेला तरी आमच्याकडे कुणी दचकत नाही. पण पौषात पहाटे पाचला, सातपुड्याकडून वारा सुटलेला असताना, यावल-रावेरच्या पट्ट्यात एखाद्या केळीच्या बागेत उभं राहून बघावं. पारा आठ-नऊवर आलेला असतो आणि आपण स्वेटर एकच का आणला, एवढाच विचार डोक्यात उरतो.

मी काही हौसेने गेलो नव्हतो. शेतीच्या लाइटीची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती. आप्पांना खोकला झालेला. आदल्या संध्याकाळी मी जळगावहून घरी आलो होतो आणि भरीत-कळण्याची भाकरी पोटात जास्तच गेल्यामुळे उदार झालो होतो. म्हणालो, "पहाटे मी जातो." आप्पा लगेच "जाय" म्हणाले. पहाटे मी निघालो तर कानाला उपरणं गुंडाळून मागोमाग हजर. "बॅटरी घेतली का रे?" घेतली नव्हती.

केळीला थंडी सोसत नाही. पारा घसरला की वाढ थांबते, नवं पान पोंग्यातच अडकून बसतं, पानं पिवळी पडायला लागतात. बाग निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली असली तर घडसुद्धा अडकतो. आमचा कांदेबाग होता, म्हणजे ऑक्टोबरात लावलेली केळी. गुडघ्याएवढी रोपं अंगावर दव घेऊन उभी होती. अशा वेळी बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि पहाटे पाणी सोडतात. एवढ्या गारठ्यात झाडाला पाणी म्हणजे नवख्याला छळच वाटेल. पण हे पाणी ऊन असतं.

मोटार चालू झाली. पाइपाने दोनदा खोकल्यासारखं केलं, थोडी हवा ओकली आणि हौदात धार पडली. बॅटरीच्या उजेडात हौदावर वाफ दिसली. बोटं इतकी आखडली होती की व्हॉल्व्हही फिरवता येत नव्हता. मी दोन्ही हात धारेखाली धरले. आधी काहीच कळलं नाही, मग झिणझिण्या आल्या, मग एकेक बोट आपलं वाटायला लागलं. मनगटापर्यंत ऊब चढली. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे.

आप्पांनी मात्र एकच हात लावला, ओला हात कपाळाला लावला आणि फिल्टरकडे वळले. हे त्यांनी माझ्यादेखत हजारदा केलं असेल, पण माझं लक्ष त्या दिवशी गेलं. बहुतेक माझेही हात तिथेच होते म्हणून.

मला समजावून सांगायची खोड आहे. म्हटलं, आप्पा, हे पाणी काही तापत नाही. जमिनीच्या वरच्या थराला हिवाळा-उन्हाळा कळतो. चांगलं खोल गेलं की तिथे वर्षभराची सरासरी तेवढी पोचते. आपल्याकडे ती साधारण 26-27 अंश. म्हणून मे महिन्यात हेच पाणी गार लागतं आणि आता ऊन.

आप्पांनी ऐकून घेतलं. "म्हंजे आपन उन्हाळ्याले शिव्या देतो, तो खाली जाऊन बसतो आन् आता कामी येतो."

"तसंच काहीसं."

"मंग हात लावला त काय चुकलं?"

मी कुठे चुकलं म्हणालो होतो! पण आप्पांशी वाद घालायचा तर तो चहा झाल्यावर.

आजीचं याहून कडक होतं. तेव्हा विहीर होती, पाट होते. आम्ही पोरं थेट पाटात उडी मारायचो आणि ती बांधावरून ओरडायची, "पान्याले आंधी हात लावा, मंग पाय!" तिला सरासरी-बिरासरी माहीत नव्हती. तिला चोपडा तालुक्यातलं उनपदेव माहीत होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी गोमुखातून गरम पाण्याची धार पडते. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून ती काढली, अशी कथा सांगतात. पाणी ऊन, म्हणून तिथला देवही उनपदेव. तीर्थाचं नाव किती साधं असू शकतं! लोकांनी हात घातला, हाताला जे लागलं त्यालाच देव म्हटलं. मला वाटतं आजीच्या हिशेबी आमची विहीर हेही लहानसं उनपदेवच होतं, फक्त यात्रा भरत नव्हती.

ती विहीर आता कोरडी आहे. मी शाळेत असताना तिच्या पोटात आडवे बोअर मारले, नंतर उभा, नंतर विहीर सोडून वेगळाच. मोटार दर चार-सहा वर्षांनी आणखी खाली सोडावी लागते. या पट्ट्यातल्या केळीने जमिनीखालचं पाणी फार खोल नेलंय, त्यात आमचाही वाटा आहे. आणि गंमत अशी, की जितकं खोल जावं तितकं पाणी अधिक ऊन. हाताला बरं वाटत होतं ते नेमकं कशाचं, हे मी आप्पांना नाही समजावलं. त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत आहे. तरी हात कपाळाला जातो. कदाचित म्हणूनच जात असेल.

साडेसहाला सातपुड्याची रेघ उमटली. पलीकडच्या शेतातली मजुरांची दोन पोरं हौदाशी आली, तोंड धुतलं, एकमेकांवर पाणी उडवलं आणि पळाली. आधी हात लावला की पाय, ते बघायचं राहून गेलं.

सोमवारी जळगावात आंघोळीला गेलो आणि सवयीने नळाखाली हात धरला. चटकन मागे घेतला. गच्चीवरच्या टाकीने रात्रभर गारठा तेवढा साठवला होता. गीझरचं बटण दाबलं आणि लाल दिवा विझायची वाट बघत, काखेत हात घालून उभा राहिलो.