तुला काय, तीन दिवसांचंच

२९ ऑक्टोबर, बुधवार

फोटो मीच टाकला होता ग्रुपवर. पोर्चच्या पायऱ्यांवर भोपळे, दोन्ही अंगांना शेवंतीच्या कुंड्या, कठड्याला पिवळे दिवे, दारावर वाळक्या रंगीत कणसांचा गजरा. खाली लिहिलं, 'आमचा हॅलोविन, भुतांशिवाय.' अंगठे आले, एक 'मस्तच' आलं आणि मग वहिनी: 'छान गं. तुला काय, तीन दिवसांचंच होतं. कर हौस.'

बस्स. सकाळपासून तेवढंच डोक्यात.

खोटं काही नाही त्यात. लग्न झालेल्या लेकीला वडिलांचं सुतक तीन दिवस. अण्णा गेले म्हणून दादाकडे वर्षभर सण नाही. यंदा सांगलीला कंदील लागला नाही, दारात रांगोळी नाही, फराळ शेजारच्यांनी आणून दिला तेवढाच. आमच्याकडे तसली काही अडचण नव्हती. तरी मी दिवाळी केली नाही. कुणी 'करू नकोस' म्हटलं नव्हतं, त्यामुळे केली नाही हे कुणाला कळलंही नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो नाही, तिथे मंदारने सईच्या तापाचं सांगितलं. म्हणजे दादाने पाळलं ते पाळणं, आणि मी पाळलं तो सईचा ताप.

मग दिवाळी सरल्यावर आठवड्याभरात हे दिवे कसे लावले, असं कुणी विचारलंच तर माझा वकिली मुद्दा तयार आहे: हॅलोविन आपला सण नाही, सबब चालतो. खोकं मात्र दिवाळीचंच. त्याच माळा. गेल्या वर्षी तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले होते. पहाटे उटणं, संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात एक ड्रॅक्युला, दोन पऱ्या आणि एक चालतं वॉशिंग मशीन. अण्णा तिकडे पहाटे उठून व्हिडिओवर बघत होते. म्हणाले, "एवढ्या सगळ्यांची एकदम मुंज लागली का गं? भिक्षा मागत फिरतायत ती."

समोरच्यांकडे तो बारा फुटी सांगाडा आहे, होम डेपोने २०२० मध्ये २९९ डॉलरला आणला होता तो. हिरवळीवर फोमची थडगी, एका थडग्यातून हात वर आलेला. सईला तसंच हवं होतं. "आई, आपलं घर थँक्सगिव्हिंगचं दिसतंय," म्हणाली, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या सुगीच्या सणाचं. मी म्हटलं, छोटी मुलं घाबरतात. समोरच्या घरी सगळ्यात जास्त गर्दी छोट्या मुलांचीच असते, हे तिला दिसतंच. ती काही बोलली नाही. अलीकडे ती मला बऱ्याच गोष्टींत काही बोलत नाही.

भोपळे मात्र मनासारखे मिळाले. इलिनॉयमध्ये राहून भोपळ्याला काय तोटा; अमेरिकेतला डब्यातला बहुतेक भोपळा इथल्याच मॉर्टन गावाच्या आसपास पिकतो. शेतावरून एक राखाडी-निळसर आणला, एक चपटा, खोल फाकींचा, आणि मुठीत मावतील असे पांढरे चिमुकले. एकही कोरला नाही. कोरलेला आठवडाभरात बसतो, बुरशी धरतो. अख्खा थँक्सगिव्हिंग ओलांडतो. विचारणाऱ्याला मी हेच सांगते, आणि ते खरंही आहे.

पण आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बायकांनी सुरी लावायची नाही. पहिली सुरी अण्णांची. पेपर पसरायचे, बनियनवर बसायचे, देठाच्या बाजूला सुरी रोवून वर तळहाताने एकच ठोका. खट्. दोन भकलं आईकडे सरकवून म्हणायचे, "घ्या, मोडला याचा माज." मंदार म्हणाला होता, मी कापून देतो की. राहू दे म्हटलं.

आयर्लंडमध्ये म्हणे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. भोपळा त्यांना अमेरिकेत आल्यावर भेटला. उन्हाळा संपून हिवाळा लागायच्या त्या रात्री गेलेली माणसं घरी येतात अशी समजूत होती. म्हणजे आपला वकिली मुद्दा इथेच आपटला. मेक्सिकन दुकानात या दिवसांत दसऱ्यासारखा झेंडू येतो. त्यांच्याकडे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्यांचे फोटो मांडून त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात. मी दोन जुड्या घेतल्या तर गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, डेकोरेशन.

आत्ता हे लिहिताना एक डोक्यात आलं. दर महिन्याचं मासिक तिकडे वहिनी करते. स्वयंपाक, पान, भटजींच्या वेळा, दादाची चिडचिड. यंदा तिच्या माहेरची दिवाळीही हुकली. इकडे मी पिवळ्या दिव्यांचे फोटो टाकतेय. 'कर हौस' हे टोमण्यासारखं वाचता येतं, आणि दमलेल्या बाईचं म्हणूनही वाचता येतं. दुसऱ्या पद्धतीनेही दोनदा वाचून पाहिलं. फारसं बरं वाटलं नाही, पण भूक लागली.

खारीचं लिहायचं राहिलं. इथल्या खारी भोपळे कुरतडतात म्हणून लोक तिखट चोळतात. मी वहिनीनेच पाठवलेला कांदा-लसूण मसाला तेलात कालवून चोळला. वास अख्ख्या पोर्चवर. पोस्टमन थबकला, हसला, नाक पुसत गेला. आणि आज दुपारी बघते तर निळसर भोपळ्याला सुपारीएवढं भोक, बिया पायरीवर सांडलेल्या, आणि खार कठड्यावर बसून मिशा पुसतेय. दहाव्याला कावळा किती वेळ शिवत नव्हता! मी इथून स्क्रीनवर बघत होते. तिकिटाचं ते... जाऊ दे. दादा घाटावर एकेक कबूल करत होता, आईला सांभाळीन, शेत विकणार नाही. आणि ही बया काही कबूल करून न घेता, मसाल्यासकट शिवली. मी पायरीवर बसून एकटीच हसत सुटले. सई दार उघडून बघून गेली.

शुक्रवारी मुलं येतील. चॉकलेटं आणायचीत, मोठी, नाहीतर सईची शाळेत अब्रू जाते. तिच्यासाठी एक भूत कबूल केलंय, हसरं, कापडाचं, दारापासून लांब. भोपळा दुसरा आणावा लागेल आणि त्याला परत मसाला. मसाल्याची बरणी तळाला गेलीये, तो मागवायचा म्हणजे वहिनीला फोन आला. कशाला संपवलास एवढा, हे ती विचारणारच.