रोमची वाट आणि वहीतले दोन रकाने

मंगळवार, पहाटे साडेपाच

बायबलच्या नव्या करारातलं रोमकरांस पत्र, अध्याय 15, ओव्या 30 ते 32. गेले तीन दिवस वाचन इथेच अडलं आहे. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणून प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती मंडळीला कळकळीने विनवतो. मागण्या तीन. यहूदियातल्या विश्वास न धरणाऱ्यांपासून सुटका व्हावी, यरुशलेमेतल्या पवित्र जनांनी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांनी, त्याने नेलेली मदत आनंदाने स्वीकारावी, आणि देवाच्या इच्छेने रोमला येऊन तुमच्या सहवासात विसावा मिळावा.

पुढे काय झालं ते नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. मंदिरात जमाव जिवावर उठला, तेव्हा रोमी सरदाराने त्याला साखळ्या घालून बाहेर काढलं. सुटका झाली ती अशी. मग चाळिसांहून अधिक जणांनी पौलाला ठार करेपर्यंत अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहिली. त्याच सरदाराने 200 शिपाई, 70 घोडेस्वार आणि 200 भालेकरी देऊन त्याला रातोरात कैसरियाकडे धाडलं. तिथे 2 वर्षं कैद. नंतर समुद्र, 14 रात्रींचं वादळ, 276 माणसांचं फुटलेलं तारू, बेटावर 3 महिने. शेवटी रोम आलं. पौल तिथे पोचला तो कैदी म्हणून.

मागितलं ते मिळालं, पण वाट मागणाऱ्याने आखलेली नव्हती. 'रोममध्येही तुला साक्ष द्यावी लागेल' हे प्रभूने सांगितलं तेही अटकेनंतर, गढीत कोंडलेल्या रात्री. पौलाने 'देवाच्या इच्छेने' हे शब्द मागणीच्या आतच विणले होते, म्हणून ही वाट त्याला नकार वाटली नसावी.

आपल्या घरगुती प्रार्थनासभांत हे शब्द बहुतेक शेवटी येतात. मनासारखं सगळं मागून झालं, की 'तरी प्रभू, तुझी इच्छा', आणि आमेन. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्रम उलटा आहे: नाव, राज्य, इच्छा, आणि मग रोजची भाकर. भाकर मागायच्या आधीच आपण कोणाच्या घरात बसलो आहोत ते ठरलेलं असतं.

हा क्रम अंगी बाणावा म्हणून प्रार्थनेच्या वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने करावेत. डावीकडे जिथे देवाची इच्छा शास्त्रात स्पष्ट लिहिली आहे ते: शुद्ध जीवन (1 थेस्सलनीका 4:3), सर्व स्थितीत उपकारस्तुती (5:18), ज्ञान (याकोब 1:5), कबूल केलेल्या पापाची क्षमा (1 योहान 1:9), अधिकाऱ्यांसाठी विनंती (1 तीमथ्य 2:1-2). इथे 'तुझी इच्छा असेल तर' जोडू नये. देवाने आधीच 'हो' म्हटलं आहे, आणि याकोब पुढच्याच ओवीत संशय न धरता मागायला सांगतो.

उजवीकडे बदली, लग्न, ऑपरेशन, घराचं कर्ज. इथे 'जर' लागतो. काही सभांत असा 'जर' म्हणजे अविश्वास मानतात. हे मला मुळीच पटत नाही. मत्तय 8 मधला कुष्ठरोगी 'तुमची इच्छा असली तर' असंच म्हणाला, आणि प्रभूने त्याला हात लावला. पौलाने अंगातला काटा, म्हणजे त्याला सतत सलणारा त्रास, काढण्याची विनंती तीनदा केली, काटा राहिला, कृपा पुरली. आजाऱ्याच्या खाटेपाशी बसून त्याचा विश्वास मोजणाऱ्यांनी 2 करिंथ 12 आधी वाचावं.

उजव्या रकान्यातल्या प्रत्येक मागणीखाली 'कशासाठी?' याचं एका ओळीत उत्तर लिहावं. ही ओळ लिहिताना हात अडतो, आणि तिथेच खरं काम होतं. याकोब 4:3 मधली चैनीची इच्छा बहुधा याच ओळीत सापडते. मग त्या मागणीतला डावा भाग शोधायचा. बदली होईल की नाही ते लिहिलेलं नाही, पण सध्याच्या साहेबाच्या हाताखाली मनापासून काम करावं हे कलस्सै 3 मध्ये लिहिलेलं आहे. ते आज, ठामपणे मागता येतं.

इथे बिघडतं ते उत्तराच्या घाईने. शास्त्र कुठेही उघडून ओवीवर बोट ठेवणं, किंवा गिदोनासारखी लोकर पसरून, ती दवाने भिजते की नाही यावरून देवाकडे खूण मागणं. शास्ते 6 नीट वाचलं तर गिदोनाला देवाची इच्छा आधीच सांगितलेली होती. लोकर त्याच्या भीतीसाठी होती, आणि देवाने ती सोसली. त्यातून निर्णय घेण्याची रीत काढता येत नाही. पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याचं पाहावं. यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी आली, राजाशी बोलणं झालं नीसान महिन्यात. मधले सुमारे 4 महिने उपास, पापकबुली, आणि मोशेला दिलेल्या वचनाची देवाला आठवण.

गेथशेमाने, म्हणजे अटकेच्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली तो प्रसंग, मात्र सावकाश वाचायला हवं. मत्तय 26:39 मध्ये 'शक्य असेल तर हा प्याला टळो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको' आहे; प्याला म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण. 42 व्या ओवीत 'मी प्यायल्यावाचून हा टळणार नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. दोन्हींत शरणागती आहे, पण 'जर' जागा बदलतो. पहिल्यात तो टळण्याकडे झुकलेला, दुसऱ्यात पिण्याकडे. मधे फक्त झोपलेले शिष्य आणि पुन्हा गुडघे.

म्हणून उजव्या रकान्यातली मागणी आठवड्याने पुन्हा नव्या शब्दांत लिहावी, तारखेसह. जुनी ओळ खोडायची नाही. प्याला टळावा हेही पुत्राने पित्यालाच म्हटलं होतं.