घोडी लंगडतेय, पण एक्स-रे काढायचा कुठला?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेली मंडळी अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, रंग बघतात, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) असेल तर विचारूच नका, पण खूर उचलून दाबून बघणारा एखादाच. माझ्या मामेभावाने दत्तजयंतीला तिथूनच एक मारवाडी घोडी आणली, दिसायला झकास, कानाला कान लागणारी. पावसाळ्यानंतर ती पुढचे पाय आखूड टाकायला लागली. कुणी म्हणे खांदा भरलाय, तेल चोळा, कुणी म्हणे आळशी झालीये. भावाचं एकच, डॉक्टरांना बोलव आणि अख्ख्या पायाचा एक्स-रे काढ.

डॉक्टर आले आणि मशीन गाडीतच ठेवलं. आधी कडक जमिनीवर सरळ दुडकी चालवली, काही कळेना. मग गोल फिरवली, तर डावीकडे वळताना डावा पाय टेकला की मान वर, उजवीकडे वळताना उजवा टेकला की मान वर. (दुखऱ्या पायावर वजन पडताना घोडा मान उचलतो, एवढं बघता आलं तरी पुष्कळ.) मग डाव्या पायाला, टाचेच्या वर दोन्ही बाजूंना भुलीची सुई. दहा मिनिटांनी पेनाने टाच टोचून बघितली, घोडी ढिम्म. परत पळवली तर उजव्या पायाने उघड उघड लंगडायला लागली! भाऊ ओरडलाच, अहो डॉक्टर, चांगला पाय बिघडवलात की. डॉक्टर हसले. दोन्ही खुरांत मागच्या बाजूला सारखंच दुखत होतं म्हणून इतके दिवस लंगडणं दिसतच नव्हतं, एक पाय बधिर झाला तेव्हा दुसऱ्याने तोंड उघडलं.

आता कुठे एक्स-रे. नाल काढली, तळवा खरवडला आणि खाचांमध्ये चक्क पोरांचं प्ले-डो भरलं, कारण खाचेत हवा राहिली तर फोटोत काळी रेघ येते आणि हाड मोडल्यासारखं वाटतं.

हाडात विशेष काही नव्हतं. भावाचा चेहरा पडला, पैसे वाया गेले म्हणे. पण एक्स-रेत मुख्यतः हाड दिसतं, खुराच्या आतल्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) इजा असेल तर ती दिसणार नाही, सोनोग्राफीचे तरंगही खुराच्या कवचातून जात नाहीत, त्याला एमआरआय. परदेशात घोड्याला नुसतं गुंगीचं औषध देऊन उभ्या उभ्या करतात, आपल्याला ते कुठलं परवडायला. तरी त्याच फोटोत पंजा (खुराचा पुढचा भाग) लांब आणि टाच बसलेली स्पष्ट दिसत होती, म्हणजे सगळा ताण मागच्या भागावर. तो फोटो मोबाईलवर नालबंदाला दाखवला, त्याने पुढून खूर कापला आणि टाचेला आधार देणारी नाल ठोकली. आता पाऊल बरंच मोकळं पडतंय, गोल फिरवताना थोडी कुरकुर आहे अजून.

आणि हो, तपासणीच्या आधी दुखण्याचं इंजेक्शन देऊन ठेवू नका. डॉक्टर येतात तेव्हा घोडा छान पळून दाखवतो, आणि ते गेल्यावर परत लंगडतो.