कारामाझोव्ह वाचन-नोंद : सातव्या भागापर्यंत

दोस्तोयेव्हस्कीच्या 'ब्रदर्स कारामाझोव्ह' या कादंबरीचे बारा भाग आणि वर उपसंहार. त्यातला सातवा या आठवड्यात संपला. कॉन्स्टन्स गार्नेट यांचा १९१२चा इंग्रजी अनुवाद वाचते आहे, वेग मुद्दाम कमी ठेवून. नावांचा तक्ता कव्हरच्या आत चिकटवलाय: मित्या म्हणजे दिमित्री, अल्योशा म्हणजे अलेक्सेइ. नव्याने सुरू करणाऱ्यांनी एवढं कराच.

कथानक पुढे सरकलंय, पण मी सारखी दुसऱ्या भागातल्या एका प्रकरणाकडे परत जाते. मठाबाहेर जमलेल्या बायका झोसिमा या वृद्ध साधूला आपली दुःखं सांगतात, ते प्रकरण. एक बाई तीनशे वेर्स्तांवरून, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरवरून आलीय. तिचा छोटा मुलगा, त्याचंही नाव अलेक्सेइ, गेला, तीन वर्षांचा व्हायला तीन महिने उरले असताना. झोसिमा आधी सगळे सांगतात तेच सांगतो: लेकरू देवापाशी आहे. ती म्हणते, नवराही हेच सांगतो. तिला फक्त त्याच्या पावलांचा आवाज एकदा ऐकायचाय. मग ती त्याचा छोटासा कमरपट्टा बाहेर काढते आणि हुंदके देते. तेव्हा झोसिमा म्हणतो, समजूत करून घेऊच नकोस, रड. फक्त रडताना दर वेळी आठव की तो देवदूतांमध्ये आहे.

हे वय दोस्तोयेव्हस्कीने उगाच निवडलेलं नाही. त्याचा स्वतःचा अल्योशा मे १८७८मध्ये अपस्माराने गेला, पावणेतीन वर्षांचा असताना. तो आजार बापाचाच. त्याच उन्हाळ्यात दोस्तोयेव्हस्की तरुण तत्त्वज्ञ सोलोव्यॉव्हला घेऊन ऑप्टिना मठात गेला आणि अम्ब्रोसी या साधूला भेटला. झोसिमाचे शब्द अम्ब्रोसींनीच आपल्यासाठी सांगून पाठवले होते, असं त्याच्या पत्नीने आठवणींत लिहिलंय.

आमच्या घरी वारीची परंपरा. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांचा 'पोर मेलें बरें जालें' हा चरण मला लहानपणापासून ऐकवत नसे. देवाला मानायचं तर असं दगड व्हायचं का, ही भीती आई झाल्यावर आणखी वाढली. आता वाटतं, त्या 'बरें'च्या मागे किती रडणं झालं असेल! झोसिमाने रडायला परवानगी दिली आणि मला तुकोबांकडे परत जाता आलं. एवढं काम माझ्यासाठी कुठल्याही प्रवचनाने केलेलं नाही.

त्याच प्रकरणात पुढे एक म्हातारी विधवा येते. तिच्या मुलाचं सैबेरियातून वर्षभर पत्र नाही. कुणीतरी सुचवलंय, त्याचं नाव मृतांच्या प्रार्थनेत घाल, म्हणजे त्याचा जीव तळमळेल आणि तो लिहील. झोसिमा चांगलाच रागावतो: जिवंत लेकराची मेलेल्यांत गणना? माझा मुलगा रात्रपाळी करून बाइकवरून घरी जातो. 'पोचलो' असा मेसेज येईपर्यंत मी देवाशी काय काय बोललेय! अमुक कर, मी तमुक करीन. आपल्याकडे नवस हा आईचा हक्कच. पण धाकाने नाव घेणं वेगळं आणि लेकराला देवाच्या हाती सोपवणं वेगळं, हा फरक मला त्या म्हातारीने दाखवला. मेसेजची वाट मी आजही पाहते, पण हरिपाठ म्हणताना फोन आता दुसऱ्या खोलीत राहतो.

म्हातारीला पत्र मिळतं, तेही लगेच, मुलगा परत येतोय असं. मठात चमत्काराची कुजबुज सुरू होते. इथेच लेखकाचा मोठेपणा बघा: सहाव्या भागाच्या शेवटी झोसिमा मरतो तेव्हा सगळे मोठ्या चमत्काराची वाट बघतात, आणि सातव्या भागात त्याच्या शवाला दुर्गंधी येते. चमत्कारावर उभी असलेली श्रद्धा लेखक आपल्या डोळ्यांदेखत मोडतो. झोसिमाचा तरुण शिष्य, कारामाझोव्ह भावांतला धाकटा अल्योशाही हादरतो. मग रात्री बाहेर येऊन तो जमिनीला मिठी मारतो आणि रडतो. झोसिमाने सांगितलेलं रडणं असं त्याच्यापर्यंत पोचतं.

एक सावधगिरी. पाचव्या भागात मधला भाऊ इव्हान लहान मुलांच्या हालांबद्दल जे बोलतो ते लहान मुलं असलेल्यांनी रात्री वाचू नये. टाळूही नये, त्याच्या प्रश्नाची धार लेखकाने कुठेही बोथट केलेली नाही, म्हणूनच मी झोसिमावर विश्वास ठेवते.

पुढे दहावा भाग आहे, इल्युशा हा आजारी शाळकरी मुलगा आणि त्याचा बाप. तो भाग मुलगा सुट्टीला आला की आम्ही दोघं मिळून मोठ्याने वाचणार आहोत.